सौर प्रकल्पाच्या आधाररचनेसाठी सळईबंद काँक्रीट पाइलचे संकल्पन : नवख्या अभियंत्यांसाठी मार्गदर्शन

इमारतीचा पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेला पायाचा खांब, वरून आलेले वजन खालच्या पक्क्या थरापर्यंत पोचवतो. सौर प्रकल्पातील पाइलचे काम बरेचसे याच्या उलट असते. मॉड्यूल (सौर पॅनेल) आणि त्याखालचे पोलाद मिळून दर चौरस मीटरला साधारण वीस किलो भरतात, तर जोराच्या वाऱ्यात त्याच चौरस मीटरवर शंभर किलोच्या आसपास ओढ वरच्या दिशेने बसू शकते. त्यामुळे हा पाइल जमिनीत रुतेल का, हा प्रश्न क्वचितच उद्भवतो. तो उपटला जाईल का आणि आडवा कलेल का, हे दोन प्रश्न मात्र प्रत्येक प्रकल्पात उभे राहतात. इमारतीच्या कामाची सवय असलेला अभियंता या क्षेत्रात आला की त्याचा हात आपोआप टोकाच्या भारक्षमतेच्या सूत्राकडे जातो. ती सवय प्रथम बाजूला ठेवावी.

काँक्रीटचाच पाइल का, हे आधी ठरवावे

पोलादी खांब थेट जमिनीत ठोकणे हा पुष्कळ ठिकाणी सर्वांत जलद मार्ग असतो आणि जमीन अनुकूल असेल तर तोच निवडावा. मात्र उथळ खडक किंवा दगडगोट्यांचा थर लागल्यावर खांब पुढे जात नाही, वाकतो किंवा फिरतो. मातीत क्लोराइड व सल्फेट जास्त असतील तर उघड्या पोलादाचे पंचवीस वर्षांचे आयुष्य सिद्ध करणे अवघड होते, आणि फुगणाऱ्या काळ्या मातीत बारीक खांबाला खाली पुरेशी पकड मिळत नाही. अशा जागी ऑगरने (मळसूत्रासारख्या फिरत्या छिद्रकाने) भोक पाडून, त्यात सळईचा पिंजरा सोडून ओतलेला काँक्रीट पाइल घ्यावा. त्याचा व्यास बहुतेक वेळा २५० ते ४०० मिलीमीटर आणि लांबी दीड ते तीन मीटर असते. पाइल लहान असला तरी एका प्रकल्पात असे हजारो पाइल असतात, म्हणून संकल्पनातली छोटीशी चूक आणि छोटीशी बचत दोन्ही हजारोंनी गुणल्या जातात.

जमिनीची पाहणी

सौर प्रकल्पाची जागा काही चौरस किलोमीटरपर्यंत पसरलेली असू शकते आणि तिच्यात एकच प्रकारची जमीन क्वचित मिळते. उंचवट्यावर मुरूम, उतारावर मातीचा पातळ थर आणि नाल्याजवळ खोल गाळ असा पालट काही शे मीटरांत होतो. म्हणून चार-पाच खोल बोअर घेऊन थांबण्यापेक्षा, थोडे बोअर आणि त्यांच्या जोडीला जाळीच्या पद्धतीने पुष्कळ चाचणी-खड्डे, अशी आखणी जास्त उपयोगी पडते. पाइल दोन-तीन मीटरचाच असल्याने वरच्या तीन-चार मीटरांची माहिती जितकी दाट मिळेल तितकी चांगली. वीस मीटर खाली काय आहे याने या पाइलला फारसा फरक पडत नाही.

या पाहणीतून चिकणमातीचे निचरारहित कर्तन सामर्थ्य (आतले पाणी निघून जायच्या आत घसरणीला होणारा मातीचा विरोध), वाळू-मुरमाचा घर्षणकोन, भूजलाची पावसाळ्यातली पातळी, खडकाची खोली, मातीचा फुगण्याचा गुणधर्म, तसेच पीएच, क्लोराइड, सल्फेट आणि विद्युत रोधकता एवढे तरी हाती यायलाच हवे. मग नकाशावर जागेचे विभाग पाडावेत आणि प्रत्येक विभागाचा पाइल वेगळा ठरवावा. सगळ्या जागेसाठी सर्वांत वाईट जमीन धरली तर खर्च वाया जातो. सरासरी धरली तर वाईट विभागातले पाइल पहिल्याच वादळात हलतात.

भार कसा काढावा

वाऱ्याचा दाब ०.६ गुणिले वेगाचा वर्ग, या सूत्राने न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये मिळतो; त्यातला वेग हा उंची, भूभाग आणि प्रकल्पाचे आयुष्य यांचे गुणांक लावून काढलेला संकल्पन वेग असावा. या दाबाला टेबलाच्या (मॉड्यूल बसवलेल्या तिरप्या चौकटीच्या) तिरपेपणावर अवलंबून असलेला निव्वळ दाब गुणांक लावतात. कडेच्या रांगा आणि रांगेच्या टोकाचे खांब यांच्यावर वारा थेट आदळतो, तर आतल्या रांगांना पुढच्या रांगांचा आडोसा मिळतो. हा फरक मोठा असतो, म्हणून कडेचा आणि आतला पाइल वेगळा धरणे योग्य. मोठ्या प्रकल्पांत हे गुणांक वातबोगद्यातील प्रतिकृती-चाचणीवरून घेतात.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू. टेबलाची तिरपी रुंदी ४.६ मीटर, एका रांगेतल्या खांबांमधले अंतर ३ मीटर आणि कल २० अंश आहे. म्हणजे एका खांबाच्या वाट्याला १३.८ चौरस मीटर क्षेत्र येते. संकल्पन वेग ३९ मीटर प्रति सेकंद धरल्यास दाब सुमारे ०.९ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर होतो. निव्वळ गुणांक १.२ धरला तर मॉड्यूलच्या पृष्ठभागाला लंब असे १४.९ किलोन्यूटन बल मिळते. त्याचा उभा घटक १४.० आणि आडवा घटक ५.१ किलोन्यूटन होतो.

मॉड्यूल आणि पोलादाचे वजन ०.२ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर धरल्यास ते सुमारे २.८ किलोन्यूटन भरते. इथे हे वजन आपल्या बाजूने काम करते, म्हणून ते पूर्ण न धरता ०.९ पट, म्हणजे २.५ किलोन्यूटन धरावे. निव्वळ उचल ११.५ किलोन्यूटन उरते. आडवे बल जमिनीपासून दीड मीटर उंचीवर लागते असे धरल्यास जमिनीच्या पातळीवर ७.६५ किलोन्यूटन-मीटर मोमेंट (बल गुणिले अंतर, म्हणजे वाकवणारा जोर) येतो. वाऱ्याचा दाब टेबलावर सारखा पसरत नाही, त्याचा मध्य वाऱ्याकडच्या कडेला सरकतो, आणि एका खांबाच्या टेबलात त्यामुळे आणखी एक मोमेंट तयार होतो. आकडेमोड सोपी राहावी म्हणून तो इथे घेतलेला नाही; प्रत्यक्ष संकल्पनात तो घ्यावाच लागतो, कारण तो वरच्या मोमेंटइतकाही भरू शकतो.

टेबल सूर्याबरोबर फिरणारे असेल तर कलाची प्रत्येक स्थिती तपासावी लागते. वादळात ते कोणत्या कोनात उभे करून ठेवणार हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे, आणि मोटर असलेल्या खांबावर येणारा जादा भार स्वतंत्र काढावा.

उचल बलासाठी लांबी

पाइलच्या बाजूच्या पृष्ठभागावरचे घर्षण आणि त्याचे स्वतःचे वजन, या दोनच गोष्टी त्याला जमिनीत धरून ठेवतात. जमिनीचा अगदी वरचा पट्टा उन्हाने भेगाळतो, पावसाने मऊ होतो आणि बांधकामात विस्कटतो, म्हणून त्याचे घर्षण धरू नये. उदाहरणात आपण वरचे ०.३ मीटर सोडू. भेगाळणाऱ्या जमिनीत याहून जास्त सोडावे लागतात.

समजा माती मध्यम कडक चिकणमाती आहे, तिचे कर्तन सामर्थ्य ४० किलोपास्कल आहे आणि चिकटण्याचा गुणांक ०.५ धरला आहे. म्हणजे अंतिम घर्षण २० किलोपास्कल झाले. ३०० मिलीमीटर व्यासाच्या आणि १.८ मीटर खोल पाइलची उपयोगी लांबी १.५ मीटर, तिचा पृष्ठभाग १.४१ चौरस मीटर आणि अंतिम घर्षण २८.३ किलोन्यूटन येते. ओढ-चाचणी झालेली नसेल तर सुरक्षा गुणांक ३ आणि झालेली असेल तर २ धरावा, असे पाइलांविषयीचे भारतीय मानक आयएस २९११ सांगते. चाचणीशिवाय घर्षणाचे ९.४ किलोन्यूटन मिळतात. पाइलचे वजन ३.२ किलोन्यूटन आहे, त्याचा ०.९ पट धरून २.९ मिळतात. एकूण १२.३ किलोन्यूटन क्षमता ११.५ च्या मागणीला जेमतेम पुरते. चाचणीने तेच घर्षण सिद्ध झाले तर गुणांक २ होतो आणि दीड मीटरचा पाइलही १३.७ किलोन्यूटन देतो. भूजल वर येणार असेल तर पाइलचे वजन पाण्याच्या उत्प्लावनाइतके कमी धरायला विसरू नये.

वाळूत चित्र पार बदलते. तिथे घर्षण मातीच्या स्वतःच्या दाबावर अवलंबून असते आणि एक मीटर खोलीवर हा दाब सतरा-अठरा किलोपास्कलच भरतो. पार्श्वदाबाचा गुणांक ०.७ आणि पृष्ठभागाचा घर्षणकोन २८ अंश धरला तर घर्षण जेमतेम साडेसहा किलोपास्कल मिळते, म्हणजे वरच्या चिकणमातीच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतके. वाळूत लांबी वाढवत नेण्याला पर्याय नसतो. खोलीबरोबर पृष्ठभाग आणि दाब दोन्ही वाढतात, म्हणून व्यास वाढवण्यापेक्षा लांबी वाढवणे तिथे जास्त लाभाचे ठरते.

आडव्या बलाची तपासणी

उचल बलाला पाइल पुरला की संकल्पन झाले असे समजण्याची घाई इथेच नडते. आखूड पाइल आडव्या बलाखाली मोडण्याआधी जमिनीत फिरतो. वर एका बाजूची आणि तळाशी दुसऱ्या बाजूची माती दाबली जाते आणि मधल्या कुठल्यातरी बिंदूभोवती तो कलतो. अशा पाइलसाठी ब्रॉम्स यांनी १९६४ मध्ये मांडलेली पद्धत हातानेही सोडवता येते. चिकणमातीत ही पद्धत वरच्या दीड व्यासाइतक्या मातीचा रोध शून्य धरते आणि त्याखाली नऊ गुणिले कर्तन सामर्थ्य इतका रोध धरते.

आपल्या उदाहरणात, बल दीड मीटर उंचीवर असताना, १.८ मीटरच्या पाइलची अंतिम आडवी क्षमता सुमारे १८.४ किलोन्यूटन येते, १.६५ मीटरच्या पाइलची १५ आणि १.५ मीटरच्या पाइलची १२. सुरक्षा गुणांक २.५ लावला तर या क्षमता अनुक्रमे ७.४, ६.० आणि ४.८ किलोन्यूटन होतात. मागणी ५.१ ची आहे. म्हणजे उचल बलात चाचणीच्या जोरावर सहज पास झालेला दीड मीटरचा पाइल आडव्या बलात नापास होतो, आणि लांबी किमान १.६५ मीटर ठेवावी लागते. वर वगळलेला मोमेंट घेतला की ती आणखी वाढेल. लांबी कमी करण्याच्या आग्रहात ओढ-चाचणीचे आकडे दाखवले जातात तेव्हा ही तपासणी हाताशी असली पाहिजे.

ताकद पुरली तरी हालचाल तपासावी. वाऱ्याचे झोत पुन्हा पुन्हा येत असल्याने चिकणमातीत पाइलच्या माथ्याभोवती फट तयार होते, तिच्यात पाणी शिरते आणि कल हळूहळू साठत जातो. फिरणाऱ्या टेबलाला हा कल फार सोसत नाही. खांब रेषेतून सरकले की फिरणारा दंड अडकू लागतो.

सळईचा पिंजरा

सर्वांत मोठा मोमेंट जमिनीच्या पातळीवर येत नाही, तर त्याच्या थोडे खाली येतो. ब्रॉम्सच्या पद्धतीने आपल्या पाइलमध्ये तो साधारण अर्धा मीटर खोलीवर १०.१ किलोन्यूटन-मीटर भरतो, १.५ चा भार गुणांक लावून १५.१. पाइलच्या छेदाच्या ०.४ टक्के या किमान प्रमाणाने २८३ चौरस मिलीमीटर पोलाद लागते आणि १० मिलीमीटरच्या चार सळया ३१४ देतात, म्हणून पुष्कळ आराखड्यांत चारच सळया दिसतात. एम २५ दर्जाचे काँक्रीट, ५०० दर्जाची सळई, ८ मिलीमीटरच्या रिंगा आणि ५० मिलीमीटर कव्हर (सळईबाहेरचा काँक्रीटचा थर) धरून हा छेद तपासला तर त्याची मोमेंट क्षमता सुमारे १४ किलोन्यूटन-मीटर येते आणि सोबतच्या ओढीमुळे ती आणखी थोडी घटते. म्हणजे चार सळया अपुऱ्या पडतात. सहा सळया घेतल्या की क्षमता १९ च्या आसपास जाते. गोल पाइलला वारा कुठल्याही दिशेने वाकवू शकतो, त्यामुळे सहा सळया हीच समंजस निवड आहे.

उभ्या सळया पूर्ण लांबीभर न्याव्यात. वजन पेलणाऱ्या पाइलमध्ये खालच्या भागातली सळई कमी करता येते. इथे पूर्ण पाइल ओढीत असतो आणि काँक्रीटचा ओढ सोसण्याचा गुण धरायचा नसतो. रिंगांचे अंतर १५० मिलीमीटर ठेवावे आणि माथ्याजवळ, जिथे खांबातून बल काँक्रीटमध्ये उतरते, तिथे ते कमी करावे.

खांब आणि पाइल यांचा जोड

दोन पद्धती रूढ आहेत. एकात पाइलच्या माथ्यावर अँकर बोल्ट आणि बेसप्लेट असते, दुसऱ्यात खांबाचा खालचा भाग ओल्या काँक्रीटमध्ये गाडलेला असतो. दुसरी पद्धत स्वस्त आणि जलद आहे, मात्र तिच्यात एक जागा नीट पाहावी लागते. समजा खांब ०.८ मीटर गाडला आहे आणि पाइल १.६५ मीटरचा आहे. खांबाच्या खालच्या टोकाशी पोलादी छेद अचानक संपतो आणि तिथून खालची सगळी ओढ फक्त सळयांनी वाहायची असते. पिंजरा खांबाच्या भोवती वरपर्यंत आलेला असेल तर बल काँक्रीटमधून सळयांकडे जाते. मजुरांनी खांब बसायला अडचण होते म्हणून पिंजरा आखूड केला किंवा खाली ढकलला, तर नेमक्या त्या टोकाशी पाइल आडवा तडकतो आणि खालचा तुकडा जमिनीतच राहतो. आराखड्यात पिंजरा व खांब यांची एकत्र असलेली लांबी आकड्यात लिहावी आणि सळई व खांबामधली मोकळी जागा खडी जाईल इतकी ठेवावी. गाडलेल्या भागाला आडवी पट्टी किंवा भोकातून सळईचा तुकडा घातल्यास झिंकलेपित गुळगुळीत पृष्ठभागाच्या चिकटण्यावर विसंबावे लागत नाही.

पाइलचा माथा जमिनीपासून किमान १५० मिलीमीटर वर आणि बाहेरच्या बाजूला उतरता ठेवावा, म्हणजे खांबाच्या बुडाशी पाणी साचत नाही. पोलाद सर्वांत आधी याच जागी गंजते.

फुगणारी माती

काळ्या फुगणाऱ्या मातीत वरचा थर पावसाळ्यात फुगून पाइलला स्वतःबरोबर वर ओढतो. वारा नसतानाही ही ओढ येते, आणि इमारतीसारखे वरून दाबणारे वजन इथे नसते. म्हणून ओलावा बदलत राहणाऱ्या थराची खोली आधी ठरवावी, त्या खोलीतले घर्षण रोध म्हणून तर धरूच नये, उलट भार म्हणून धरावे, आणि पकड पूर्णपणे त्याखालच्या स्थिर थरात मिळवावी. तळाशी फुगीर कंद असलेला पाइल इथे फार उपयोगी पडतो. कंदाचा व्यास साधारणपणे पाइलच्या अडीच पट असतो. बर्फ पडणाऱ्या प्रदेशात गोठणारी माती पाइलला अशीच वर उचलते आणि तिथेही हाच विचार लागू होतो.

चाचणी

प्रत्येक विभागात, मुख्य काम सुरू होण्याआधी, त्याच यंत्राने आणि त्याच काँक्रीटने केलेल्या पाइलवर ओढ आणि आडवी अशा दोन्ही चाचण्या कराव्यात. संकल्पन भाराच्या अडीच ते तीन पट भार टप्प्याटप्प्याने लावावा आणि शक्य असेल तिथे पाइल निकामी होईपर्यंत जावे, कारण न निकामी झालेला पाइल आपल्याला फक्त किमान क्षमता सांगतो. आयएस २९११ च्या भाग ४ नुसार ओढीचा सुरक्षित भार म्हणजे १२ मिलीमीटर हालचालीच्या भाराचा दोन-तृतीयांश किंवा आलेख स्पष्टपणे मोडतो त्या भाराचा निम्मा, यांतला लहान. आडव्या चाचणीत १२ मिलीमीटरच्या भाराचा निम्मा किंवा ५ मिलीमीटरचा भार, यांतला लहान. अमेरिकी पद्धतीने काम असेल तर ओढीला एएसटीएम डी ३६८९ आणि आडव्या भाराला डी ३९६६ वापरतात. आडवे बल जमिनीलगत न लावता खांबाच्या प्रत्यक्ष उंचीवर लावावे, म्हणजे मोमेंटचाही परिणाम मोजला जातो. चाचणी कोरड्या दिवसांत केली असेल तर तिचा निकाल ओल्या मातीसाठी कमी करून घ्यावा. कडक वाळलेली चिकणमाती फसवे मोठे आकडे देते.

चाचणीचा खर्च कोणाला जड वाटत असेल तर साधा हिशेब मांडावा. ३०० मिलीमीटरच्या पाइलची लांबी १.८ ऐवजी १.६५ मीटर झाली तर दहा हजार पाइलांमागे सुमारे १०६ घनमीटर काँक्रीट आणि दीड किलोमीटर भोक वाचते.

साइटवर काय पाहावे

भोक पाडल्यावर त्याच दिवशी काँक्रीट भरावे. रात्रभर उघड्या राहिलेल्या भोकाच्या भिंती मऊ होतात आणि गणितात धरलेले घर्षण कागदावरच राहते. चिकणमातीत ऑगर फिरून भिंती चकचकीत गुळगुळीत झाल्या असतील तर त्या खरवडून घ्याव्यात. भोकात पाणी असेल तर ते उपसावे. उपसता येत नसेल तर काँक्रीट तळापासून नळीने भरावे, वरून टाकू नये. ढासळणाऱ्या वाळूत केसिंग (भोकाच्या भिंती धरून ठेवणारी नळी) लागते. पिंजरा तळाला टेकू नये आणि भिंतीलाही चिकटू नये, यासाठी चारही बाजूंना कव्हर ब्लॉक बांधावेत. क्षारयुक्त जमिनीत ५० ऐवजी ७५ मिलीमीटर कव्हर आणि सल्फेटरोधी किंवा स्लॅग सिमेंट घ्यावे. काँक्रीट भरताना व्हायब्रेटर वापरावा आणि खांब सरळ राहावा म्हणून तो साच्यात धरून ठेवावा.

प्रत्येक पाइलची नोंद ठेवावी : क्रमांक, भोकाची खोली, लागलेली माती, भरलेले काँक्रीट. गणिताने आलेल्या घनफळापेक्षा कमी काँक्रीट लागले असेल तर भोक मध्येच ढासळले असे समजून तो पाइल तपासावा. भोकात अपेक्षेपेक्षा वेगळी माती लागली तर काम थांबवून विभागाचा नकाशा दुरुस्त करावा, कारण हजारो भोके ही त्या जमिनीची सर्वांत सविस्तर पाहणी असते. काम पुढे जाईल तसे प्रत्यक्ष वापरातल्या काही पाइलांवरही, संकल्पन भाराच्या दीडपट मर्यादेत, ओढ-चाचणी घेत राहावी, आणि निवड कंत्राटदाराने नव्हे तर तपासनीसाने करावी.

पहिला पावसाळा संपल्यावर रांगांमधून चालत जाऊन पाइलभोवतीची माती वाहून गेली आहे का, माथ्याशी फट पडली आहे का, खांबांची रेषा आणि उंची बदलली आहे का, हे मोजून घ्यावे. अर्धा फूट माती वाहून गेली की गणितातली उपयोगी लांबी तेवढीच घटते, आणि तिथे चर काढून पाणी वळवण्याचे काम लगेच हाती घ्यावे लागते.